खडूचा गोल

त्या गोलाला सहा महिने होऊन गेले, तरी ताईच्या पोटातलं दुखणं काही थांबलं नव्हतं.

तसं बघायला गेलं तर गोल तो केवढा, बशीएवढा. पत्र्याच्या तुकड्यावर पांढऱ्या खडूनं काढलेला. पण तो अण्णांनी काढलेला होता, आणि ताईच्या कामावर नव्हता. भावजयीच्या कामावर होता. बारक्यानं, म्हणजे ताईच्या चाळिशीला आलेल्या धाकट्या भावानं, बायकोचं कौतुक म्हणून तो तुकडा ऑफिसच्या भिंतीवर टांगला होता, आणि खडू पुसला जाऊ नये म्हणून गोलावर वार्निशसुद्धा मारलं होतं. टांगायला जागा कुठली शोधली? तर घड्याळाच्या बरोबर खाली. किती वाजले बघायला मान वर केली की आधी गोल दिसायचा. ताईनं मग मनगटी घड्याळ घेतलं.

मोटारींच्या दरवाजांच्या चौकटी बनवणारा हा कारखाना अण्णांचा. ठोकाठोकीच्या दुकानापासून त्यांनी इथवर आणलेला. आणि त्यांची एक रीत होती. नवा नमुना निघाला की पहिला हात त्यांचा. चष्मा काढून खिशात टाकायचा, डोळे मिटायचे आणि उजवा हात सांध्यावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवायचा. बोटांना काही लागलं की तिथं खडूची आडवी रेघ. रेघ म्हणजे इथं कानस हवी. एकही रेघ नाही, तर शेवटी गोल. गोल म्हणजे पास.

अठ्ठावीस वर्षं ताई या कारखान्यात पत्रा ठोकत होती, जोडत होती, घासत होती. सुरुवातीला तिच्या सांध्यावर दहा-दहा रेघा पडायच्या. मग सहा झाल्या, मग चार झाल्या. तीनच्या खाली मात्र अण्णा कधी उतरले नाहीत. आणि ही भावजय! शिकलेली इंजिनीअर, कबूल. पण हातात हातोडा कधी धरलाय का बाईनं? तिनं आणलं ते लेझरचं यंत्र. बंद खोलीत रोबोचा हात फिरतो, ज्योत नाही, धूर नाही, हिच्या साडीला डाग नाही, आणि चुटकीसरशी दोन पत्रे एकजीव. पहिल्याच तुकड्याला गोल! पिकतं तिथं विकत नाही म्हणतात ते खोटं नाही, असं ताई नवऱ्याला रोज रात्री जेवताना ऐकवायची. नवरा शाळेत मास्तर होता. रोज तोच धडा ऐकायची त्याची तयारी होती, पण त्यालाही मर्यादा असतातच ना.

रविवारी दुपारी सगळे आईकडे जेवायला जमले होते. जेवणं झाली, चहा आला, आणि अण्णांनी विषय काढला.

"मंगळवारी कंपनीचा माणूस येतोय. त्याच्यासमोर बारा चौकटी करून दाखवायच्या. नवीन गाडीचं काम आपल्याला मिळतं की नाही ते त्यावर आहे."

"मिळणार अण्णा," बारक्या म्हणाला. "त्यात काही शंका नाही."

"मिळालं तर मिळालं. पण त्या दिवसानंतर मी खडू सोडणार."

ताईनं चहाचा कप खाली ठेवला. तो बशीत नीट बसला नाही.

"सोडणार म्हणजे?" आईनं विचारलं, पण तिच्या आवाजात आश्चर्य नव्हतं.

"सोडणार म्हणजे दुसऱ्याच्या हातात देणार. घरी आणून काय करू, भिंतीवर चित्रं काढू?"

आत्या, अण्णांची बहीण, अशा क्षणांची वाटच बघत बसलेली असायची. "अगबाई! मग त्यात विचार कसला करायचा? थोरली बसलीय की समोर. अर्धं आयुष्य पत्र्यात गेलं पोरीचं." मग भावजयीकडे तिरकं बघत तिनं भावाला विचारलं, "का आता खडूसुद्धा त्या यंत्रालाच देणार आहेस?"

"आत्या, तुम्ही बिस्किट घ्या," बारक्या म्हणाला.

"बिस्किटानं तोंड बंद होणाऱ्यातली मी नाही."

"मंगळवारी ठरवीन," अण्णा म्हणाले. "पहिल्या चौकटीवर हात फिरवीन आणि मग ठरवीन." त्यांनी किटलीतून नुकताच ओतलेला चहा उचलला, तसा आईनं झटकन त्यांच्या हातातून कप काढून घेतला. "अहो, वाफ निघतेय त्यातून! जरा थांबता येत नाही?" आई हल्ली त्यांच्या शर्टाची बटणंही लावून द्यायची. ताईच्या मनात आलं, म्हातारपणी हे काय लाड. पण तिचं लक्ष चहाकडे नव्हतंच. पहिल्या चौकटीवर हात. पहिली चौकट कोणाची? यंत्राची. म्हणजे कोणाची? म्हणजे खडू ठरल्यातच जमा होता, नुसता सोपस्कार बाकी होता.

कप विसळायला ती आत गेली, तर मागोमाग भावजय.

"ताई, उद्या संध्याकाळी मी मंगळवारचे पत्रे तयार करणार आहे. तुम्ही थांबाल का थोडा वेळ? मला एक दाखवायचंय तुम्हाला."

"मला काय दाखवतेस? अठ्ठावीस वर्षं पत्राच बघतेय मी."

"तसं नाही हो, यंत्राचं जरा वेगळं असतं..."

"असू दे की. यंत्र तुझं, तू बघ." आणि ताईनं नळ इतका मोठा सोडला की पुढचं काही ऐकू येऊ नये.

खरं तर असं तिनं आधीही केलं होतं. यंत्र आलं त्या दिवशी भावजय सगळ्यांना गोळा करून समजावून सांगत होती, तेव्हा ताई मागच्या शेडमध्ये एक चांगला घासून झालेला मडगार्ड पुन्हा घासत बसली होती. कानशीचा आवाजही नेहमीपेक्षा मोठा काढला होता. सगळा कारखाना यंत्र शिकला, ताई तेवढी शिकली नाही. तिला कोणी विचारलंही नाही, कारण ताईला काही येत नसेल असं कोणाच्या मनातही येत नसे.

मंगळवारी ती सकाळी साडेसहालाच कारखान्यात आली. झोप लागली नव्हतीच. कुलूप काढलं, दिवे लावले, आणि उगीच, अगदी उगीच हं, यंत्राच्या खोलीपाशी गेली. बाहेरच्या टेबलावर चौकटींचे बारा पत्रे ओळीनं मांडून ठेवले होते. एकेकाच्या खाली जोडायचा दुसरा पत्रा. वर कापड झाकलेलं.

ताईनं कापड उचललं आणि सवयीनं कडेवरून बोट फिरवलं.

बोट अडलं.

तिनं पुन्हा फिरवलं. कडेला ओळीनं बारीक बारीक उंचवटे. डोळ्याला धड दिसत नव्हते, पण बोटाला साफ लागत होते. चेहऱ्यावर पुटकुळ्या याव्यात तसे, वीतभर अंतरावर एकेक. दुसरा पत्रा बघितला, तिसरा बघितला. सगळ्यांना पुटकुळ्या!

आता खोटं कशाला सांगा, ताईला आनंद झाला. अगदी आतून उकळी फुटली. ही इंजिनीअरीणबाई! हे हिचं यंत्र! कड सरळ नाही, आणि निघाली सांधे जोडायला. असे दोन पत्रे एकमेकांवर ठेवले तर मध्ये फट राहणार. आणि फट म्हणजे काय? अण्णांनी तिला पहिल्या दिवशी काय शिकवलं होतं? "पत्र्याला पत्रा असा बसला पाहिजे पोरी, की मध्ये कागद सरकता कामा नये." फट ठेवून सांधा मारणारा माणूस या कारखान्यात दुसऱ्या दिवशी दिसत नसे.

बारक्याला फोन करावा असं तिच्या मनात आलं. मग वाटलं, नको. त्यानं बायकोला सांगितलं असतं, बायकोनं गुपचूप निस्तरलं असतं, आणि ताईच्या पदरात काय? त्यापेक्षा आपणच सरळ करू. चौकटी होऊ देत, पास होऊ देत, अण्णांचा हात खिशातल्या खडूकडे जाऊ दे, आणि नेमकं तेव्हा सगळ्यांसमोर सहज म्हणायचं, "पत्रे तेवढे सकाळी मी सरळ केले होते हं. कडेला पुटकुळ्या होत्या सगळ्या." हे वाक्य तिनं तिथंच तीनदा मोठ्यांदा म्हणून बघितलं. तिसऱ्यांदा 'सहज' चांगलं जमलं.

तिनं आपला लाकडी ठोकळा आणला, त्यावर चामड्याची पट्टी टाकली आणि छोटा हातोडा घेतला. एक पुटकुळी, एक टिचकी. जोर बोटांचा, मनगटाचा नाही. पत्र्याला कळूही नये की त्याला मारलं. हे काम तिच्यासारखं सगळ्या गावात कोणाला येत नव्हतं आणि हे तिला चांगलं ठाऊक होतं. नऊ पत्रे झाले, आणि बाहेर बारक्याची मोटारसायकल वाजली. तीन राहिले ते राहिले. तिनं कापड होतं तसं टाकलं आणि हातोडा मागे नेऊन ठेवला.

नऊ वाजता कंपनीचा तपासनीस आला. उंच, किडकिडीत, शर्टाच्या खिशाला टॉर्च अडकवलेला. ऑफिसात चहा झाला. आईसुद्धा आली होती. एरवी ती कारखान्यात पाय ठेवत नसे. आज अण्णांच्या शेजारी उभी राहिली ती हललीच नाही.

भावजयीनं पहिले दोन पत्रे यंत्रात लावले, चाप आवळले, खोलीचं दार बंद केलं. सगळे काळ्या काचेपाशी जमले. तिनं बटण दाबलं.

एरवी त्या यंत्राचा आवाज म्हणजे नुसती घूंऽऽ अशी गुणगुण. आज आतून तडतड ऐकू आली. काचेमागे ठिणग्यांचा फवारा उडाला. भावजयीचा चेहरा उतरलेला ताईनं बघितला. हे काही आपल्या हिशोबात नव्हतं, एवढंच तिला कळलं.

दार उघडलं. कामगारानं चौकट आणून स्टँडवर ठेवली.

"अण्णा, एक मिनिट," भावजय पुढे झाली. "मी आधी बघते, काहीतरी..."

"पहिला हात माझा," अण्णा म्हणाले. चष्मा त्यांनी केव्हाच खिशात टाकला होता.

ताई दोन हातांवर उभी होती. तिला सगळं दिसत होतं. सांधा कसला, खरूज झाली होती नुसती! जागोजागी छिद्रं, आणि वर लोखंडाचे उडून थिजलेले थेंब, काट्यासारखे टोकदार. तिच्या मनात आलं, अण्णा, आता मारा रेघा. दहा माराल की पंधरा? आणि कोणाच्या कामावर, बघा! पुटकुळ्यांचा न् याचा काही संबंध असेल हा विचार दारापाशी येऊन उभा होता, पण तिनं त्याला आत घेतलं नाही.

अण्णांनी डोळे मिटले. हात निघाला. पहिल्या छिद्रावरून गेला. थांबला नाही. दुसऱ्यावरून गेला. मग एका टोकदार थेंबावर मधलं बोट घासलं आणि चिरलं. लाल थेंब फुटलेला ताईला स्पष्ट दिसला. अण्णांची पापणीसुद्धा हलली नाही. हात तसाच, त्याच संथ चालीनं, पार शेवटापर्यंत गेला. मग त्यांनी खिशातून खडू काढला, चेहऱ्यावर समाधान आणलं, आणि त्या खरजुल्या चौकटीवर एक मोठा गोल काढला. गोलाची सुरुवात पांढरी होती, शेवट गुलाबी झाला.

बारक्याचा आ वासलेला. ताईनं आईकडे बघितलं. आई जमिनीकडे बघत होती, आणि सगळ्यांत तिलाच एकटीला धक्का बसलेला नव्हता.

वाफाळता चहा. शर्टाची बटणं. ताईच्या डोक्यात एकामागून एक खटाखट बसत गेलं. यांच्या बोटांना काही लागतच नाही! कधीपासून? सहा महिन्यांपूर्वी? त्याच्याही आधी? म्हणजे तो भिंतीवरचा गोल... तो गोल म्हणजे... आणि या परिस्थितीतसुद्धा, बापाच्या बोटातून रक्त गळत असताना, तिला आधी काय वाटलं असेल तर हायसं. मग तिची तिलाच लाज वाटली.

तपासनीसानं टॉर्च लावला. झोत सांध्यावरून फिरवला आणि गोलावर थांबवला.

"हा गोल म्हणजे काय हो?"

"गोल म्हणजे आमच्याकडे..." बारक्यानं सुरुवात केली आणि तो अडकला.

"बाद," ताई म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडे बघितलं. अण्णांनीही डोळे उघडले.

"गोल म्हणजे बाद," तिनं पुन्हा सांगितलं, आवाज चढवून. "आमचे अण्णा पहिला हात फिरवतात, आणि तुकडा वाईट निघाला की गोल काढतात. चुकून गाडीत जाऊ नये म्हणून. फार जुनी रीत आहे आमची." अठ्ठावीस वर्षं ज्या गोलासाठी जीव टाकला होता, तो तिनं एका वाक्यात कचऱ्यात टाकला, आणि टाकताना तिची जीभ जराही अडखळली नाही.

"असं होय," तपासनीस म्हणाला. मग त्यानं कपाळाला आठी घातली. "पण आत चहा घेताना भिंतीवर बघितला मी एक. घड्याळाखाली. त्यालाही गोल होता."

झालं! आता एका थापेसाठी दुसरी मारायची पाळी.

"तो माझा," भावजय म्हणाली. "या यंत्रावरचा माझा पहिला सांधा. बाद झाला होता. चूक रोज डोळ्यांसमोर राहावी म्हणून टांगलाय."

"वर वार्निश मारून?"

"पुसली जाऊ नये म्हणून," भावजय शांतपणे म्हणाली. बारक्या बायकोकडे असा बघत राहिला, की जणू तिनं घराची किल्ली रस्त्यावरच्या माणसाला देऊन टाकली.

ताईनं मान वळवून भावजयीकडे बघितलं. मनात आलं ते निव्वळ कृतज्ञता असतं तर किती बरं झालं असतं! पण त्यातही खुपलंच. मी थाप मारली ती बापासाठी आणि थोडी स्वतःच्या पापासाठी. हिनं तर हातातला गोल देऊन टाकला, पापणी न लववता. इथंसुद्धा ही माझ्यापुढे!

"आणि हा का बिघडला?" तपासनीसानं विचारलं.

भावजय टेबलापाशी गेली. तिनं उरलेल्या पत्र्यांच्या कडेवरून बोट फिरवलं, मग पुन्हा फिरवलं. "पुटकुळ्या," ती हळूच म्हणाली. "पुटकुळ्या कुठे गेल्या? काल मी स्वतः..."

आता गप्प बसता आलं असतं. कोणी बघितलं नव्हतं.

"मी ठोकल्या," ताई म्हणाली. "सकाळी. नऊ पत्र्यांच्या. तीन राहिलेत, खालचे. मला वाटलं पत्रा खराब आलाय."

"हातानं?" तपासनीसानं एक पत्रा उचलला, कडेवर नख ओढलं, तिरका धरून टॉर्च मारला. "केसाएवढ्या असतात त्या. कुठे होत्या हेही कळत नाहीये." त्यानं मान हलवली. "बाई, काम चुकीचं केलंत. पण काय केलंत!" मग तो भावजयीकडे वळला. "तीन आहेत ना? लावा. मी थांबतो."

अण्णांनी चष्मा घातला होता. त्यांनी चौकटीकडे नीट बघितलं, मग स्वतःच्या बोटाकडे बघितलं, आणि ते मागच्या शेडकडे चालू लागले. आई रुमाल घेऊन मागोमाग गेली.

तीन पत्रे लागले. यंत्र नेहमीसारखं गुणगुणलं. मग उरलेले आठ आणि बाद झालेल्याच्या जागी आणलेला एक, अशा नऊ पत्र्यांना नव्यानं पुटकुळ्या काढायला भावजय बसली, आणि या वेळी ताई तिच्या शेजारी उभी राहिली. हाताची घडी घालून, पण उभी राहिली.

"या कशाला लागतात मुळात?" तिनं शेवटी विचारलंच.

"पत्र्याला गंजू नये म्हणून वर जस्ताचा लेप असतो ना, ताई. लोखंड वितळायच्या कितीतरी आधी त्या जस्ताची वाफ होते. पत्रे एकमेकांवर गच्च बसले तर वाफेला बाहेर जायला वाट मिळत नाही. मग ती वितळलेल्या लोखंडातूनच फुटून वर येते. तीच ती छिद्रं, तेच ते शिंतोडे. म्हणून दोन पत्र्यांमध्ये केसाएवढी फट मुद्दाम ठेवायची."

"मुद्दाम फट." ताईनं तो शब्द चाखून बघितला. तिला तो आवडला नाही. "हे आधी सांगायला काय झालं होतं?"

"सांगत होते की. तुम्ही कानस घासत होतात."

ताईनं पुढचा पत्रा उचलून तिच्या हातात दिला.

दुपारपर्यंत बारा चौकटी झाल्या. तपासनीसानं त्यातल्या दोन निवडल्या, कापल्या, मोठ्या पकडीनं पत्रे सोलून काढले. पत्रा फाटला, पण सांधा सुटला नाही. त्यानं बारक्याशी हात मिळवला आणि कागद पुढच्या आठवड्यात पाठवतो म्हणाला. जाताना ताईला म्हणाला, "गोलाची पद्धत चांगली आहे तुमची." ताई फक्त हसली.

अण्णा मागच्या शेडमध्ये तिच्याच लाकडी ठोकळ्यावर बसले होते. बोटाला पट्टी. आई बाजूला उभी होती. ताई आलेली बघून म्हणाली, "मी पाणी आणते," आणि निघून गेली.

"कधीपासून?" ताईनं विचारलं.

"अडीच वर्षं. साखरेमुळे, डॉक्टर म्हणतो. आधी टोकं गेली, मग सगळंच. हातमोजा घातल्यासारखं वाटतं."

"आणि आम्हाला सांगायचं नाही?"

"काय सांगू? पहिला हात बधिर झालाय म्हणून?" अण्णांनी तळवा उलटा करून बघितला. "आधी लांबूनच डोळ्यांनी हेरून ठेवायचो, मग चष्मा काढायचा. आज घाईत आधीच काढून बसलो. म्हातारा झालो, दुसरं काय."

मग जो प्रश्न विचारायचा नाही असं ठरवून आली होती, तोच तोंडातून बाहेर पडला. "मग तिचा तो गोल?"

"दिसलं काही नाही, लागलं काही नाही. काढला गोल."

"म्हणजे खरा की खोटा?"

"मला काय माहीत? मला विचारून काय उपयोग?" त्यांनी बोटावरची पट्टी नीट केली. "हाताला लागलेला शेवटचा सांधा तुझा होता. डाव्या दरवाजाची खालची कड. आठवतो?"

"तीन रेघा मारल्या होत्या तुम्ही."

"एक खरी होती."

ताईला आधी कळलंच नाही. "आणि बाकीच्या दोन?"

"उगाच."

"उगाच? अण्णा!"

"मग काय करू? गोल दिला असता तर डोक्यावर बसली असतीस. रेघ असली की तू दुसऱ्या दिवशी अर्धा तास आधी यायचीस."

"आणि त्याच्या आधी? त्याच्या आधीची पंचवीस वर्षं? त्यातल्या खऱ्या किती?"

"आधीचं काढू नकोस," अण्णा म्हणाले, आणि त्यांनी खिशात हात घालून खडू काढला. बोटांना तो नीट सापडला नाही, दोनदा निसटला. "धर. तुला द्यायचा हे रविवारीच ठरलं होतं. तुझी बोटं अजून जिवंत आहेत. पण तिच्या कामावर हात फिरवशील तेव्हा पोटातलं बोटात आणू नकोस. तेवढं जमेल?"

"नाही सांगता येत," ताई म्हणाली. आज खोटं एकदा बोलून झालं होतं.

ती पुढे आली तेव्हा ऑफिसच्या भिंतीवर घड्याळाखाली नुसता खिळा होता. भावजयीनं तो तुकडा उतरवून टेबलावर ठेवला होता. बारक्या बाजूला उभा होता, आणि दाराशी आई.

भावजयीनं ताईच्या हातातला खडू बघितला. तिचा चेहरा क्षणभर पडला आणि तिनं तो लगेच सावरला. ताईनं ते टिपलं, आणि तिला ते गोड लागलं. अच्छा, म्हणजे हिच्याही पोटात दुखतं तर.

"ताई," भावजय म्हणाली, "आता तुम्हीच सांगा. अण्णांचा गोल होता, पण आता मला..." तिनं तुकडा ताईपुढे सरकवला. "मला खरं कळायला हवं. बरोबर होता का सांधा?"

ताईनं आधी बाहीनं गोल पुसायला घेतला. वार्निशाखालचा खडू कशाला जातोय. राहिला तसाच. मग तिनं डोळे मिटले आणि उजवा हात सांध्याच्या टोकावर ठेवला.

सहा महिने जी जळजळ पोटात होती, ती सगळी बोटांत उतरली. काहीतरी लागू दे. एक बारीक कंगोरा, एक छिद्र, काहीही. हात सावकाश निघाला. सांधा नितळ होता. मधोमध नितळ, वळणावर नितळ. तिनं मनातल्या मनात भावजयीला एक कचकचीत शिवी दिली. पार शेवटी, जिथं सांधा संपतो तिथं, सुईच्या टोकाएवढा खळगा बोटाला लागला. तिनं पुन्हा सुरुवातीपासून हात फिरवला. मग तिसऱ्यांदा फिरवला. तेवढा एक खळगा, बाकी काही नाही. शेजारी भावजयीनं श्वास रोखलेला तिला ऐकू येत होता. इतकं स्वच्छ काम तिनं स्वतः आयुष्यात दोनदा केलं असेल, फार तर तीनदा.

ताईनं डोळे उघडले, खडू टेकवला आणि सांध्यावर दोन रेघा मारल्या. एक शेवटी, खळग्यावर. दुसरी बरोबर मधोमध.

"दोन?" भावजय म्हणाली.

"दोन," ताई म्हणाली. "उद्या जरा लवकर ये."

शेवटचा खळगा भावजयीला भिंगाखाली लगेच सापडला. मधल्या रेघेपाशी मात्र ती अंधार पडेपर्यंत शोधत बसली होती.